माप होईपर्यंत

"आक्का, हे तळं तर झालंय," घाडगे माझी फाइल न उघडताच म्हणाला. "एका तळ्याला दोनदा अनुदान देता येत नाही."

"झालंय? कुणाच्या नावावर?"

"ते तुम्हाला सांगता येत नाही."

घाडगे आमच्या गावाचा कृषी सहायक. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायची सवय. मे महिना होता. तालुक्याच्या कार्यालयातला पंखा गरगरत होता, पण त्याचा वारा माणसांपर्यंत न येता टेबलावरचे कागद तेवढे उडवत होता. शेततळ्याच्या अनुदानासाठी मी घातलेला हा सहावा हेलपाटा.

घाडगेच्या कोपराखाली पाच फायली होत्या. वरच्या फायलीतला एक फोटो सुटून टेबलावरून घसरत माझ्याकडे आला आणि मी तो हाताखाली दाबला. फोटोत शेजारच्या शेतातला माझा बांधकरी अंकुश खरात उभा होता. हातात शाळेतली काळी पाटी, तिच्यावर खडूनं त्याचं नाव आणि खाली 'शेततळे पूर्ण'. त्याच्या मागे माझं तळं होतं. तळ्याच्या मधोमध माझा मातीचा खांब होता, आणि खांबाच्या डोक्यावर माझं तरवडाचं झुडूप पिवळं फुललेलं होतं.

"हे माझं तळं हाय."

"तळी सगळी सारखीच दिसतात, आक्का."

"आन् खांबावरचं तरवड? त्ये बी सगळीकडं सारखंच उगवतंय व्हय?"

त्यानं फोटो ओढून घेतला. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड उघडल्यावर वेळेत मिटायचं मला तेव्हा जमत नव्हतं, अजूनही फारसं जमत नाही. मी म्हणाले, "आन् माप झाल्याबिगर ह्ये पास कसं केलं तुमी? खांब तर अजून हुबा हाय."

"कसला खांब?"

मग मी त्याला शहाण्यासारखं सगळं समजावून सांगितलं. तळं खोदताना मधे मातीचा एक खांब तसाच सोडायचा. खांबाचा माथा म्हणजे मूळ जमीन. माथ्यापासून तळापर्यंत टेप धरला की किती खोल खोदलं ते कळतं, कुणाला वाद घालता येत नाही. माप झालं, वहीत चढलं, की मग खांब काढायचा. माप होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. "म्हंजी खांब हुबा हाय तवर माप झालंच न्हाय. मग ह्या फोटोतल्या तळ्याचं माप घेतलं कुणी?"

घाडगेनं पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जिंकले. गाडीत बसल्यावर निम्म्या वाटेत लक्षात आलं, की मी त्याला फक्त खांब काढायची अक्कल शिकवून आले होते.

आमच्या भागात पाऊस येतो तो चुकल्यासारखा येतो. गावातली निम्मी पुरुष माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, दूरदूरच्या शहरांत. आमचे मालकही सेलमला एका गलाईच्या दुकानात होते. वर्षातून दोनदा यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. मागे शेती मी बघायचे. सासऱ्यांनी वाटण्या केल्या तेव्हा ओढ्याकाठची काळी जमीन मुलांना दिली आणि वरचा दोन एकर माळ माझ्या नावावर केला. सून म्हणून माझं कौतुक होतं असं कुणी समजू नये, तो माळ कुणालाच नको होता. मी त्यावर तीनशे डाळिंबं लावली. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवायची. म्हणून तळं. ओढ्याचं पाणी पावसाळ्यात उचलून तळ्यात भरायचं आणि उन्हाळ्यात झाडांना थेंब थेंब द्यायचं. पण जमीन मुरमाड, पाणी भरलं की आठ दिवसांत जिरून जाणार. तळाला जाड प्लास्टिकचा कागद अंथरायला हवा होता, आणि तो कागद मंजुरीचं पत्र दाखवल्याशिवाय दुकानदार उधार देत नव्हता. म्हणजे पावसाआधी मंजुरी, नाहीतर झाडं गेली. गेल्या उन्हाळ्यात मी त्यातली चाळीस माझ्या हातानं उपटून टाकली होती. पुन्हा तसं करायची माझी तयारी नव्हती.

खोदाई जेसीबीनं झाली, पण बाजू तासायला आणि दगड लावायला मी तिम्माप्पा धोत्रेला बोलावलं होतं. सत्तरीचा वडार, आयुष्य मातीकामात गेलेला. जेसीबीवाला मधला खांब ठेवायला तयार नव्हता. "आता कोण ठेवतंय? माप कागदावरच लिवत्यात," म्हणाला. तिम्माप्पा त्याच्या यंत्रासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे खांब राहिला.

मी घरी आले तेव्हा तिम्माप्पा तळ्याच्या काठावर दगड फोडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"खांबाचं सांगितलंस त्यास्नी?"

"सांगितलं, मामा."

"मग कुदळी घिऊन येतील," तो म्हणाला, आणि पुन्हा दगड फोडायला लागला.

तेव्हा मला मार्च महिना आठवला. जत्रेच्या आगेमागे गावातले पाच जण एकेक करून माझ्या माळावर आले होते. "वच्छाक्का, तळं लई झाक केलंय म्हणं. आमास्नी बी करायचंय, जरा बघू." बाई माणसानं तळं केलं आणि गावातली बापय माणसं बघायला येतात, याचं मला केवढं अप्रूप. मी प्रत्येकाला चहा केला. अंकुशला तर दोनदा, तो आल्याचा चहा मागून घ्यायचा. मी खोपटात चूल फुंकत बसले की हे बाहेर फोटो काढायचे. शेवटचा कोणीतरी आपली पाटी खोपटाच्या दारात विसरून गेला. पुसलेली होती. मला वाटलं, कुणा पोराची असेल, म्हणून मी ती माठावर झाकण म्हणून ठेवली. दोन महिने मी त्या पाटीखालचं पाणी पीत होते.

बुधवारी संध्याकाळी दिनकरतात्या आले. गावातल्या कुठल्याही योजनेची फाइल तात्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. ते स्वतः कुठल्याच पदावर नव्हते आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. मोटरसायकल लावून ते खोपटासमोरच्या बाजेवर बसले. मी चहा ठेवला नाही. त्यांनी चुलीकडे एकदा बघितलं, तेवढ्यात त्यांना कळलं.

"उद्या जिल्ह्यातनं तपासणीला मॅडम येणार हायत," ते म्हणाले. "पाच फायलीतली एक काढलीया त्यांनी. अंकुशची. त्यास्नी हे तळं दाखवायचं. तू काय बोलायचं न्हाईस. पुढच्या साली तुझं पयल्या यादीत बसवतो. माजा शब्द."

"पुढच्या साली झाडं कुठली, तात्या?"

"झाडं परत लावता येत्यात. गाव परत मिळत न्हाय." हे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. "सकाळी दोन गडी येतील. मधला ढिगारा काढून घेतील. इद्रूप दिसतंय त्ये."

ते गेल्यावर मी मालकांना फोन लावला. मागे भट्टीच्या भात्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "दाखवू दे की. आपलं काय जातंय? तळं काय उचलून नेणार हायत?"

"नाव नेत्यात."

"नाव चाटायचंय व्हय? तात्यासंगं वाकडं घिऊ नगं, वच्छे. ऐक माजं."

मी फोन ठेवला. हा माणूस भित्रा नव्हता. पंधराव्या वर्षी एकटा रेल्वेनं परमुलखात गेला होता, भाषा येत नसताना. तात्यांना तो एवढं का वचकतो, ते मला कळेना.

गुरुवारी उजाडलं तेव्हा मी तळ्यात उतरले. तिम्माप्पानं शिडी खांबाला टेकवली. मी एक पोतं, पाण्याची कळशी, भाकरीचं गाठोडं आणि मोबाइल घेऊन वर चढले. खांबाचा माथा म्हणजे मांडी घालून बसता येईल एवढी जागा, त्यात तरवडाचं झुडूप. मी त्याच्या शेजारी पोतं टाकून बसले आणि तिम्माप्पाला म्हणाले, "शिडी काढा."

"पडशील."

"न्हाय पडत. काढा."

त्यानं शिडी उचलून काठावर नेली, आडवी टाकली आणि तिच्यावरच बसला.

ती जागा मोठी गमतीची होती. काठावर उभं असलेलं माणूस आणि मी अगदी एका पातळीवर, बोलायला आवाज चढवायची गरज नाही. पण मधे चहूबाजूंनी दहा फूट खड्डा. मी त्या घरात सून म्हणून आल्यापासून कुणाशी इतक्या सुरक्षित जागेवरून बोलले नव्हते.

सात वाजता दोन गडी आले. एक परका होता, दुसरा अंकुश. खांद्यावर कुदळ. मला बघून तो उतारावरच थांबला.

"वहिनी, खाली या."

"चहा न्हाय आज, अंकुशभावजी."

"तात्यांनी सांगितलंय. खांब काढायचाय."

"काढा की. मी कुठं आडवी आलीया? मी वर हाय, तुमी खालनं काढा."

परक्या गड्यानं पुढे होऊन बुंध्यात कुदळ मारली. मुरमाचा एक ढपला निघाला आणि तो हादरा माझ्या मांडीपर्यंत आला. मी तरवडाची फांदी धरली.

"मारा अजून," मी म्हणाले. "पण अंकुशभावजी, तुमी जरा ह्या बाजूला हुबं ऱ्हावा. मी पडीन ती तुमच्याच अंगावर पडीन म्हणती."

परक्यानं कुदळ पुन्हा उचलली होती. अंकुशनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. बाई पडली तर केस माज्यावर हुईल." मग दोघं काठावर जाऊन बाभळीखाली बसले. नवाच्या सुमारास तात्या आले, बघून गेले, पुन्हा आले. त्यांनी आधी समजावलं, मग माझ्या माहेरच्या माणसांना फोन लावायची धमकी दिली, मग मला वेडी ठरवलं. मी गाठोडं सोडून भाकरी खाल्ली. ऊन चढलं तसा पदर डोक्यावर दुमडून घेतला. गावात बातमी पोचली असावी, अकरापर्यंत काठावर पन्नासेक माणसं जमली. बायका लांब बांधावर उभ्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं, पण घरी कुणी जातही नव्हतं.

मॅडमची जीप एक वाजता आली. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, पायात बूट. घाडगे पुढे पळत गेला.

"हे अंकुश सोपान खरात यांचं शेततळं, मॅडम. काम पूर्ण आहे."

मॅडमनी तळं बघितलं, मग मला बघितलं. "आणि मधे त्या बाई?"

"शेजारीण हाय," तात्या म्हणाले. "डोस्क्यानं जरा हलकी हाय. नवरा परमुलखात असतो."

"मॅडम, माज्या डोस्क्याचं मागनं बगा," मी म्हणाले. "आदी त्यांच्या फायलीतला फोटो काढा. त्यात ह्यो खांब हाय का?"

मॅडमनी घाडगेकडे हात केला. त्यानं फाइल द्यायला जरा वेळ लावला. त्यांनी फोटो बघितला, चष्मा वर करून खांब बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"मापवहीत काय लिहिलंय? माप कधी घेतलं?"

"फेब्रुवारीत, मॅडम," घाडगे म्हणाला.

"आणि खांब मे महिन्यात उभा आहे?" मॅडमचा आवाज काही चढला नाही. "मी रोजगार हमीच्या कामांवर नोकरीला लागले, घाडगे. मापानंतर खांब ठेवलेला मी एकदाही बघितला नाही. बाकीच्या चार फायली कुठं आहेत?"

"तालुक्याला…"

"जीपमध्ये आहेत. मीच आणायला सांगितल्या होत्या."

जीपच्या बॉनेटवर त्यांनी पाच फोटो ओळीनं मांडले. मला ते दिसत नव्हते. मला मॅडमचं बोट दिसत होतं, ते प्रत्येक फोटोवर एकाच जागी टेकत चाललं होतं, जिथं तरवड असणार तिथं. पाचव्या फोटोवर बोट टेकलं तेव्हा काठावरच्या गर्दीतून एक माणूस हळूच मागे सरकला. मग दुसरा. अंकुश मात्र बाभळीखालून हलला नाही.

मला वाटलं, झालं आता. मी खाली उतरायला तिम्माप्पाला शिडी मागणार, तेवढ्यात तात्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"बाकीच्या चारचं घाडगेला इचारा, मॅडम. मला त्यातलं म्हाईत न्हाय," तात्या म्हणाले. घाडगे त्यांच्याकडे बघतच राहिला. "पण हे तळं अंकुशनं त्याच्या खर्चानं खोदलंय. जमिनीवाल्याची संमती हाय. हे बगा संमतीपत्र." मग ते माझ्याकडे वळले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले. "वच्छाक्का, तुज्या मालकानंच सही केलीया. जत्रेत. माज्या वट्यावर बसून."

मॅडमनी कागद वाचला. "मुरलीधर पुकळे कोण?"

ते माझ्या मालकांचं नाव. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मालक तात्यांकडे जाऊन आले होते. कशाला गेला होतात विचारलं तर म्हणाले, पीक विम्याचा कागद करायला. त्याच संध्याकाळी त्यांनी माळावर येऊन तळं बघितलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेले होते आणि म्हणाले होते, "लई मोटं काम केलंस." मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी. मला रडायला आलं. पन्नास माणसांसमोर, उन्हात, खांबावर बसून मी रडले, आणि डोळे पुसायला दुसरीकडे तोंड करावं तर तिकडेही माणसंच होती. चारी बाजूंनी दिसत होते मी.

मग मी मोबाइल काढला आणि सेलमला फोन लावला.

"तात्यांच्या कागदावर सही केली का तुमी?"

पलीकडे भात्याचा आवाज थांबला. "कुणी सांगितलं?"

"केली का?"

"केली. तात्या म्हणाले, तुजं यंदा बसत न्हाय. अंकुशचं हुतंय तर हू दे. आपल्याला गावात ऱ्हायचंय, वच्छे. वैर करून चालत न्हाय."

"गावात मी ऱ्हाती," मी म्हणाले. "तुमी सेलमला ऱ्हाता."

ते काहीतरी बोलत होते. मी फोन बंद केला. मला आता रडायला येत नव्हतं. माझ्या अंगात जो राग आला तो इतका स्वच्छ होता, की त्यानं मला हलकं वाटलं. मी उभी राहिले. तेवढ्याशा जागेवर, तरवडाशेजारी, पदर खोचून.

"मॅडम, सही खरी हाय. माज्या मालकांचीच हाय. पण त्यांची सही माज्या जमिनीवर चालत न्हाय. गट नंबर दोनशे बारा. सातबारा माज्या एकटीच्या नावावर हाय. वत्सला मुरलीधर पुकळे. माज्या फायलीत लावलाय, सहा येळा आणून दिलाय. त्या घाडगे सायबांना इचारा, माजी फाइल त्यांनी कदी उगडलीया का."

मॅडमनी विचारलं नाही. त्यांनी संमतीपत्राची घडी घातली आणि ते तात्यांना परत न देता स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मग त्या घाडगेला म्हणाल्या, "टेप आणलाय?"

"आहे, मॅडम."

"मग उतरा. माप घ्या. पुकळेबाईंच्या तळ्याचं."

घाडगे इस्त्रीच्या शर्टानं मुरमाच्या उतारावरून खाली आला, निम्म्या वाटेत घसरून बसलाच. कुणी हसलं नाही, पण बांधावरच्या बायकांत काहीतरी कुजबुज झाली. टेपचं टोक वर कसं द्यायचं ते त्याला कळेना. तिम्माप्पा शिडीवरून उठला, शिडी घेऊन खाली आला, टोक घेऊन चढला आणि माझ्या हातात दिलं.

"माथ्याला धर," तो म्हणाला. "लोंबू देऊ नगं. ताठ धर."

मी ताठ धरलं. खालून घाडगेनं आकडा वाचला. तीन मीटर दहा. मॅडमनी तो मोठ्यानं परत म्हटला आणि वहीत लिहिला. मग लांबी, मग रुंदी. तिम्माप्पा प्रत्येक आकड्याला मान हलवत होता, जसं काही त्यानंच ते सांगितले होते. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता उतर. आता काम झालं."

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. शेवटच्या दोन पायऱ्या त्यानं मला धरून उतरवलं.

काठावर चढले तेव्हा अंकुश समोर आला. कुदळ त्याच्या हातातच होती. "वहिनी," तो म्हणाला.

"खांब काढायला आला हुता न्हवं?" मी म्हणाले. "काढा मग. आता काढायचा असतो."

आणि त्यानं काढला. दिवस मावळेपर्यंत तो आणि तिम्माप्पा खपत होते. तरवड मी मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह काढून काठावर लावलं.

मंजुरीचं पत्र आठ दिवसांत आलं आणि कागद पहिल्या पावसाच्या चार दिवस आधी अंथरून झाला. पाच फायलींची चौकशी लागली. घाडगेची बदली झाली. तात्यांचं काही झालं नाही, त्यांच्यासारख्यांचं होतही नाही. पण माझ्या खोपटासमोरच्या बाजेवर ते पुन्हा कधी बसले नाहीत. गावानं मला वर्षभर कुठल्याच कार्याचं बोलावणं केलं नाही. मी त्या वर्षी खूप काम उरकलं.

मालक दिवाळीला आले. मधल्या पाच महिन्यांत आम्ही फोनवर पावसाचं बोलायचो, झाडांचं बोलायचो, बाकी काही नाही. पिशवी घरी ठेवून ते सरळ माळावर आले. तळं काठोकाठ भरलं होतं. मग त्यांनी खिशातून नवा मोबाइल काढला.

"दुकानातल्या लोकास्नी दाखवतो," म्हणाले. "माजा एक काढ की, तळ्याम्होरं."

मी मोबाइल हातात घेतला. मग खोपटात गेले, माठावरची पाटी उचलली, पदरानं कोरडी केली. खडू नव्हता, चुन्याचा खडा घेतला आणि त्यानं सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं. बाहेर येऊन पाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी वाचलं. 'शेततळे पूर्ण. वत्सला मुरलीधर पुकळे. गट नंबर २१२.'

"ह्ये धरू?"

"इथं ज्यानं ज्यानं फोटो काढला, त्यानं पाटी धरलीया," मी म्हणाले. "तुमी बी धरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल डोळ्यासमोर धरून थांबले होते आणि मला कसलीही घाई नव्हती. त्यांनी पाटी आधी कमरेशी धरली.

"वर," मी म्हणाले. "नाव दिसाय पायजे."

त्यांनी ती छातीशी धरली, दोन्ही हातांनी. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मागे पाणी, काठावर तरवड, आणि मालकांच्या हातात माझं नाव.